आठ नंबरची खुर्ची, ऑगस्टपुरती

आमच्या गावच्या डायलिसिस केंद्रात चौदा खुर्च्या आहेत, आणि त्या चौदाही देओलिंदाच्या डोक्यात असतात. गेली सव्वीस वर्षं ती दाराशी काचेमागे बसते. तिच्या पदाचं नाव काय, हे तिलाही एका दमात सांगता येत नाही. पगाराच्या कागदावर 'प्रशासकीय सहायक, दुसरी श्रेणी' असं काहीसं छापून येतं. प्रत्यक्षात काम एवढंच, की कोणी कुठल्या दिवशी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे तिने ठरवायचं. राष्ट्राध्यक्षांना एवढा अधिकार नाही आणि त्यांच्या पायांना एवढी सूजही नसते. सकाळी दहाच्या आत तिचे बूट टेबलाखाली निघालेले असतात आणि लिंडनच्या फुलांचा चहा निवून गेलेला असतो.

मी सात नंबरवर बसतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी, चार तास. दंडात दोन सुया असल्या की पुस्तकाचं पान उलटायला एकच हात मोकळा राहतो. कान मात्र दोन्ही मोकळे असतात. काचेचं दार मोडल्यापासून ते कधी लागत नाही, त्यामुळे देओलिंदाच्या टेबलावर जे बोललं जातं ते निम्म्या खुर्च्यांना ऐकू येतं. कोणाची तक्रार नाही. दूरचित्रवाणीपेक्षा बरं असतं.

आमच्याकडे खुर्ची रिकामी होण्याचे दोन मार्ग आहेत. माणूस तिकीट काढून कुठेतरी जातो, किंवा तिकीट न काढता जातो. देओलिंदा कधी दुसऱ्या मार्गाची वाट पाहत बसली नाही. पहिल्याच्या मागे मात्र ती वसंतापासून हात धुऊन लागते, कारण पुढे ऑगस्ट असतो.

हा आमचा पोर्तुगालचा डोंगराळ मुलूख साठ वर्षं माणसं बाहेर पाठवतोय आणि ऑगस्टमध्ये ती सगळी एकदम परत येतात. पूर्वी नवी गाडी दाखवायला यायची, आता रक्ताचे रिपोर्ट घेऊन येतात. त्यांच्यासाठी युरोपचं ते निळं कार्ड असतं. एका देशाच्या आरोग्यखात्यात नाव असलेला माणूस थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या देशात गेला, तर तिथे त्याच्यावर तिथल्या माणसासारखेच उपचार व्हायचे, हिशेब देश-देश आपसात बघून घेतील, असा करार. करार उत्तम आहे. फक्त डायलिसिसवाल्याने निघायच्या आधी तिकडे खुर्ची ठरवून ठेवायची असते. हक्क कायद्यात असतो, खुर्ची देओलिंदाच्या चौकटीच्या वहीत असते.

त्या वर्षी फेब्रुवारीत पहिला फोन आला.

"बाई, मी सोउतेलो गावचा ओलिंपियो. क्लेरमाँहून बोलतोय, फ्रान्स. ऑगस्टचे तीन आठवडे मिळतील का?"

"नाही मिळणार. भरलंय."

"मग पुढच्या सोमवारी करतो."

आणि तो खरोखरच करायचा. त्रेचाळीस वर्षं भिंतींना गिलावा केलेला माणूस. एक थर वाळला की दुसरा द्यायचा, एवढी चिकाटी हाडात मुरलेली. मेपर्यंत असं झालं, की सोमवारी सव्वानऊला फोन वाजला की देओलिंदा आधी "नाही" म्हणायची आणि मग उचलायची.

शेवटी एका शुक्रवारी तिने वही मिटली, बूट अर्धवट पायात सरकवले आणि खुर्च्यांमधून फिरायला लागली. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी त्याच एका शहरात आहे. इकडचं कोणी तिकडे जाईल, तर तिकडच्याला इकडे बसवता येईल, असा तिचा विचार. आठ नंबरवर, माझ्या शेजारी, फेलिझ्मिनामावशी बसायची. वय बहात्तर, विणकाम एका हाताने होत नाही म्हणून चार तास नुसती चिडलेली.

"मावशी, झेफेरिनो क्लेरमाँलाच ना?"

"का ग? काय झालं त्याला?"

"काही नाही झालं. ऑगस्टमध्ये जाता का त्याच्याकडे?"

"ऑगस्टमध्ये? तिकडे कोण असतं ऑगस्टमध्ये? सगळे तर इकडे येतात."

"झेफेरिनो नाही येत."

मावशीचा मुलगा एका सहा मजली इमारतीचा राखणदार होता. बाकीचे सुट्टीवर जातात म्हणून त्याला सुट्टी नाही. बेचाळीस घरांच्या किल्ल्या सांभाळायच्या, लोकांच्या कुंड्यांना पाणी घालायचं, लोकांच्या मांजरांना जेवायला घालायचं. चार वर्षं मायलेकांची भेट नव्हती.

"आणि याचं काय करू?" मावशीने हनुवटीने यंत्राकडे खूण केली. "बसमध्ये घालून नेऊ?"

"तिकडे आहे. तुम्ही त्या माणसाच्या खुर्चीवर बसायचं, तो तुमच्या खुर्चीवर बसेल. मी बोलते तिकडच्या बाईंशी."

"कोण माणूस?"

"सोउतेलोचा आहे."

"सोउतेलोचा! त्यांनी आमच्या पाटाचं पाणी चोरलंय. दोन पिढ्या!"

"मावशी, तो पाणी मागत नाहीये. त्यालाही तुमच्याइतकंच पाणी चालतं, दिवसाला तीन पेले."

जुलैत मावशीचं निळं कार्ड आलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, एवढ्याशा तुकड्यावर ते लोक मला सुई टोचणार असतील तर फ्रेंच फार भोळे दिसतात. जायच्या दिवशी तिच्या पिशवीतून धुरी दिलेल्या सॉसेजची माळ बाहेर लोंबत होती.

"मावशी, मीठ!" देओलिंदा काचेमागून ओरडली.

"माझ्यासाठी नाही ग. पोरासाठी."

आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी ओलिंपियो आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, कोणाच्या लग्नाला निघाल्यासारखा. रांगेत माझ्यापुढे उभा राहिला आणि पाळी आल्यावर त्याने काचेखालून आपलं पोर्तुगालचं ओळखपत्र सरकवलं.

"हे नको. फ्रान्सचं निळं द्या," देओलिंदा म्हणाली.

"ते घरी आहे."

"कुठल्या घरी?"

"इथल्या. सोउतेलोच्या."

"मग अदेरितो आणील. अकरा किलोमीटर तर आहे."

अदेरितो म्हणजे आमचा गाडीवाला. अग्निशमन दलाची पांढरी गाडी घेऊन खेड्याखेड्यांतून रोग्यांना आणतो, पोचवतो. तो दाराला टेकून उभा होता.

"बाई, अकरा किलोमीटरवरच माझा जन्म झालाय," ओलिंपियो म्हणाला. "बाप्तिस्मा इथला. पलटणीत गेलो तो इथून. मी माझ्या मुलखात फ्रेंच कार्ड दाखवू?"

"हो."

"पाहुणा म्हणून?"

"तात्पुरता मुक्काम म्हणून. तसं छापलंय त्याच्यावर."

"मी पाहुणा नाही."

देओलिंदाने चष्मा काढला, डोळे चोळले, परत लावला. दर ऑगस्टला हे चार-पाच वेळा होतं. जर्मन पर्यटक कार्ड हातात धरूनच दारातून आत येतो. ही चूक फक्त आपलीच माणसं करतात, आणि ती खिशात कार्ड असताना करतात.

"हे बघा, सेन्योर ओलिंपियो. पाहुणे म्हणून आलात तर आज खुर्ची आहे. घरचे म्हणून आलात तर रांग आहे, आणि तुमच्यापुढे तिघं आहेत. काय लिहू?"

"फ्रेंच लिहा की," अदेरितो दारातून म्हणाला. "यांच्या गाडीच्या नंबरपाटीवर लिहिलंयच."

ओलिंपियोने त्याच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्याने शर्टाच्या खिशातून निळं कार्ड काढलं. ते पहिल्यापासून तिथेच होतं.

"परतीची तारीख?"

"बघू."

"बघू असं लिहिता येत नाही."

"मग तुम्हीच लिहा."

तिने वहीत पाहून सत्तावीस ऑगस्ट लिहिलं. सुया टोचण्याआधी वजन बघतात, म्हणून तो वजनकाट्यावर चढला, मग माझ्या शेजारी आठ नंबरवर येऊन बसला. बराच वेळ छताकडे पाहत राहिला. "गिलावा वाईट केलाय," म्हणाला. दोन बोलणी झाली असतील त्या दिवशी. दुसरं हे, की मावशीची खुर्ची डावीकडे झुकते.

पुढे तो खुलला. पंधरा तारखेला गावच्या मातेची मिरवणूक होती. सुईच्या हाताने ओझं उचलायचं नसतं, म्हणून त्याने मूर्तीच्या पालखीचा दांडा उजव्या खांद्यावर घेतला आणि चर्चपासून कारंज्यापर्यंत नेला. ते तीनशे पावलं अंतर त्याने आम्हाला बुधवारी, शुक्रवारी आणि सोमवारी सांगितलं. त्याचं घर मी पाहिलेलं आहे. परदेशातल्या पैशाचं घर, बाहेरून फरशा, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, वर्षातले अकरा महिने झडपा बंद. आता सगळ्या झडपा उघड्या होत्या. मिरवणुकीनंतर आठवड्याभरात बाकीच्या घरांच्या झडपा पटापट बंद झाल्या, गाड्या उत्तरेला लागल्या. ओलिंपियोने मात्र परसात कोबीची रोपं लावली.

हे मला अदेरितोने सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी लावलेला कोबी आमच्याकडे नाताळात कापतात. मी काही बोललो नाही. पण अदेरितोला न बोलता राहता येत नाही, आणि बावीस तारखेच्या सोमवारी तो देओलिंदाच्या काचेवर कोपर टेकून म्हणाला, "आपल्या फ्रेंचाने लाकडं मागवलीत. दोन ट्रॉल्या, ओकची."

"लाकडं?"

"हिवाळ्याची."

देओलिंदाचा हात चहाच्या कपाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तिने बूट घातले, दोन्ही, नीट. एक स्टूल उचललं आणि आठ नंबरपाशी येऊन बसली. सव्वीस वर्षांत ती कोणा रोग्यापाशी बसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"सेन्योर ओलिंपियो, लाकडं कशाला?"

"घर गार असतं."

"ऑगस्टमध्ये?"

त्याने यंत्राकडे पाहिलं. तिथे त्याचं रक्त नळीतून गोल फिरत होतं, तेही काही मदत करेना.

"तिकडे चौथा मजला आहे," तो शेवटी म्हणाला. "लिफ्ट आहे, पण बंद असते. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. तिकडे मी पोर्तुगीज, इकडे हा अदेरितो मला फ्रेंच म्हणतो. पण निदान हा माझ्या बापाला ओळखत होता."

"मिशीवाला म्हातारा," अदेरितो हळूच म्हणाला.

"तुम्ही जाणारच नव्हता," देओलिंदा म्हणाली.

"मला वाटलं, एकदा बसलो की उठवणार कोण."

"मी."

हे तिने रागाने म्हटलं नाही. रागाला लागतो तेवढा जोर तिच्यात नव्हताच. दुपारचे बारा वाजायचे होते आणि ऑगस्टचे नऊ दिवस बाकी होते.

"डॉक्टर लिहून देतील," तो म्हणाला. "प्रवास झेपत नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत तर देतील."

"आणि सोमवारी फेलिझ्मिनामावशी येईल. तिला कुठे बसवू? या स्टुलावर?"

त्याने मोकळ्या हाताने पायांवरची चादर सारखी केली.

"ही तुमची खुर्ची नाही, तिची आहे. तिकडे ती तुमच्या खुर्चीवर बसलीय, तुमच्या भरवशावर. तुम्ही उठला नाहीत तर तिला बसायला जागा नाही. दोन दिवस उशीर झाला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको."

"नको," तो म्हणाला.

"कायमचं यायचं असेल तर वेगळा कागद असतो. तिकडचं खातं लिहून देतं, की हा माणूस आता तुमच्याकडे राहणार, याच्याकडे तुम्ही बघा. तो आणला की तुम्ही इथले. मग यादीत नाव लागतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत! फेब्रुवारीपासून सोळा सोमवार फोन केलात. सोळाही वेळा तीन आठवडे मागितलेत. एकदा जरी खरं बोलला असतात, तर आज यादीत पहिले असता."

यावर ओलिंपियो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण चाळीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ केलेल्या माणसाला आपली स्वतःची वाकडी भिंत दिसली की असं होत असावं.

"कोणाला सांगणार?" तो म्हणाला. "कायमचा येतो म्हटलं, की गावात म्हणतात, मरायला आला. तीन आठवड्यांसाठी आलो, की म्हणतात, आला ओलिंपियो."

देओलिंदा उठली, स्टूल जागेवर ठेवलं. शनिवारी निघायचं, त्याआधी शुक्रवारची इथली शेवटची पाळी, तिकडच्या केंद्राला तसं कळवते, एवढं बोलून ती काचेमागे गेली. बूट परत निघाले.

बुधवारी क्लेरमाँहून फोन आला. मावशी एवढ्या मोठ्याने बोलत होती, की फोन नसता तरी चाललं असतं.

"देओलिंदा, मी नाही येत सोमवारी."

"काय झालं मावशी?"

"झेफेरिनोची सुट्टी सप्टेंबरात लागते. भाडेकरू परत आले की याला सोडतात. मी आले तेव्हापासून पोरगं मांजरांच्या मागे. मी काय त्याला जिन्यात बघायला आले?"

"मावशी, खुर्ची..."

"इथल्या बाईला विचारलं मी. म्हणजे पोराने विचारलं. ती म्हणते, तो सोउतेलोचा आला नाही तर बसा. येतोय का तो?"

देओलिंदाने काचेतून आठ नंबरकडे पाहिलं. मग चष्मा पुढे ओढून वही उघडली.

"पाच आठवडे," ती म्हणाली. "तीस सप्टेंबर शुक्रवार. त्या दिवशी तुम्ही तिकडे शेवटचं घ्यायचं, त्याने इकडे. शनिवारी दोघांनी निघायचं. पुढे एक दिवस नाही."

"आणि त्याला सांग, त्याची खुर्ची उजवीकडे झुकते."

मुक्काम वाढवायची दोन पत्रं गेली, दोन आली. दोघंही कागदोपत्री तात्पुरतेच राहिले. त्या पाच आठवड्यांत देओलिंदाने ओलिंपियोकडून तो दुसरा कागद मागवण्याचा अर्ज भरून घेतला. तिकडच्या खात्याने कळवलं, की कागद मिळेल, पण चौथ्या मजल्याचं घर रीतसर सोडल्याचा पुरावा हवा, आणि तो माणसाने स्वतः येऊन द्यावा. नुसत्या अर्जावरच देओलिंदाने यादीत त्याचं नाव चौथं लावलं.

तीस सप्टेंबरला तो निमूट उठला. अदेरितो त्याची बॅग उचलताना म्हणाला, "लाकडांचं काय करू? नेतो का मी?"

"हात लावलास तर बघ," ओलिंपियो म्हणाला. "पत्र्याखाली रचून ठेव."

"असू दे की, वाळतील तेवढी," देओलिंदा काचेमागून म्हणाली. "ओली जाळण्यात काय अर्थ आहे."

सोमवारी मावशी आली. काट्यावर सव्वा किलो जास्त भरली. सॉसेजबद्दल कोणी विचारलं नाही. मुलाने सुट्टीत तिला काय दाखवलं, हे मात्र सगळ्यांनी विचारलं.

"डोंगर," ती म्हणाली. "गाडीत घालून नेलं आणि डोंगर दाखवला. मी डोंगरातून गेले आणि डोंगर बघून आले." मग बऱ्याच वेळाने, डोळे मिटून, "आपल्याला बटाटे भिजवून, पाणी टाकूनच चालतात ना, रोज रात्री माझ्या बटाट्याचं पाणी तोच दोनदा बदलायचा ग," म्हणाली, आणि खुर्ची डावीकडे झुकते म्हणून कुरकुरायला लागली.

हिवाळा आला. यादीतल्या तिघांपैकी एक मुलीकडे पोर्टोला गेला, एकाला मूत्रपिंड मिळालं, एकीला दुपारच्या पाळीत जागा झाली. फेब्रुवारीत अकरा नंबरचे शिंपी गेले, तिकीट न काढता. देओलिंदा दोन दिवस त्या खुर्चीकडे पाहत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने क्लेरमाँला फोन लावला. सोमवार होता, सव्वानऊ वाजले होते. यावेळी तिने आधी "हो" म्हटलं आणि मग नंबर फिरवला.

मार्चमध्ये ओलिंपियो आला. अदेरितोच्या पांढऱ्या गाडीतून, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून. शर्टाला इस्त्री नव्हती. रांगेत माझ्यापुढेच उभा राहिला, आणि पाळी आल्यावर त्याने खिशात हात घालून निळं कार्ड काचेखालून सरकवलं.

"हे आत ठेवा," देओलिंदा म्हणाली. "आता चालत नाही."

"मग काय दाखवू?"

"काही नाही. सगळं इथे आलंय." तिने कागद पुढे घेतला. "अकरा नंबर. मंगळवार, गुरुवार नाही, तुम्ही सोमवारवाले. डॉक्टर बघतील, पण आज उशीर आहे. बसून घ्या."

"किती उशीर?"

"तास, दीड तास."

"तास? फ्रान्समध्ये तर..." एवढं बोलून तो थांबला.

"फ्रान्समध्ये काय?" अदेरितोने दारातून विचारलं.

"काही नाही," ओलिंपियो म्हणाला. कार्ड त्याच्या हातातच होतं; कुठल्या खिशात ठेवायचं ते त्याला सुचत नव्हतं.

देओलिंदाने वहीत त्याचं नाव लिहिलं. परतीच्या तारखेच्या रकान्यात आडवी रेघ मारली, थंड चहाचा एक घोट घेतला आणि पुढच्याला बोलावलं.

पुढचा मी होतो. मी काट्यावर चढलो.